शरीराची प्रतलं, दिशा आणि ऊती: नेमकं कुठे अडतं? (प्रश्न इथेच टाका)

सदाशिव_आडवा

कॉलेजं सुरू झाली, अप्पा बळवंत चौकात पहिल्या वर्षाची पुस्तकं शोधणाऱ्यांची गर्दी झाली, की इथे तेच ते प्रश्न पुन्हा वर येतात. म्हणून सगळ्यांसाठी एकच धागा. एमबीबीएस, बीएएमएस, नर्सिंग, फिजिओ, डीएमएलटी (लॅब टेक्निशियन), एक्स-रे टेक्निशियन, ज्याचा जो प्रश्न असेल तो इथे विचारा. व्याख्या पुस्तकात आहेत, त्या पुन्हा टंकत बसत नाही. त्या वापरताना पाय कुठे घसरतो तेवढंच बोलू.

आधी अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन. माणूस ताठ उभा, नजर समोर, हात अंगालगत सरळ खाली, तळहात पुढे, अंगठे बाहेरच्या बाजूला, पावलं एकमेकांशेजारी आणि त्यांची बोटं पुढे. समोरचा रुग्ण उताणा असो, पालथा असो की खुर्चीत पाय मुडपून बसलेला असो, वर्णन करताना त्याला मनातल्या मनात असं उभं करायचं. उताण्या रुग्णाची बेंबी छताकडे असते म्हणून ती सुपिरिअर (वरची, डोक्याकडची) होत नाही, अँटिरिअरच (पुढचीच) राहते. टेबल डोक्याकडून खाली केलं तरी डोकं सुपिरिअरच.

तळहात पुढेच का? कोपर ते मनगट या भागातली दोन हाडं, रेडियस आणि अल्ना, तळहात पुढे असतानाच एकमेकांना समांतर असतात. तळहात मागे फिरवला की रेडियसचं खालचं टोक अल्नाला ओलांडून आत येतं आणि अंगठा शरीराकडे जातो. मग अंगठ्याकडची बाजू लॅटरल (मध्यरेषेपासून लांबची) की मीडिअल (मध्यरेषेकडची), यावर भांडत बसा. ते भांडण नको म्हणून स्थिती ठरवून टाकलेली आहे. हाताबद्दल लिहिताना शंका वाटली तर सरळ 'रेडियल बाजू' आणि 'अल्नर बाजू' लिहा. हात कसाही फिरला तरी ही नावं बदलत नाहीत.

उजवं-डावं नेहमी रुग्णाचं. उजव्या सोंडेचा गणपती म्हणताना आपण गणपतीचा उजवा हात धरतो, दर्शनाला उभ्या राहिलेल्या माणसाचा नाही. तसंच हे.

प्रतलं तीन. सॅजिटल प्रतल डावा भाग उजव्यापासून वेगळा करतं, कोरोनल पुढचा मागच्यापासून, ट्रान्सव्हर्स वरचा खालच्यापासून. बरोबर मधून जाणारं सॅजिटल प्रतल एकच, ते मिडसॅजिटल. त्याला समांतर असलेली बाकी सगळी पॅरासॅजिटल. चित्र ओळखायचं असेल तर खूण सोपी: मधल्या छेदात पाठीच्या मणक्यांचे काटे, जघनास्थींमधला सांधा, बेंबी असं सगळं एका रांगेत येतं. त्याच छेदात डोळा किंवा मूत्रपिंड दिसलं तर तो छेद मधला नाही. आणि या तिन्हींत न बसणारा, तिरका गेलेला छेद तो ऑब्लिक. पुस्तकात त्याला अर्धी ओळ मिळते, प्रत्यक्षात मात्र निम्मा गोंधळ त्याच्यामुळेच होतो. त्यावर पुढे स्लाइडबाई लिहितीलच.

प्रथमवर्ष_फिजिओ

सर, फ्लेक्शन-एक्स्टेन्शन (सांधा वाकवणं-सरळ करणं) सॅजिटल प्रतलात, अ‍ॅबडक्शन-अ‍ॅडक्शन (मध्यरेषेपासून लांब नेणं-जवळ आणणं) कोरोनलमध्ये, रोटेशन ट्रान्सव्हर्समध्ये, इथवर पाठ आहे. पण अंगठ्याला हे लागूच पडत नाही. शिवाय बोटं फाकवतो तेव्हा ती कशापासून लांब जातात? शरीराच्या मध्यरेषेपासून म्हटलं तर करंगळी आणि तर्जनी एकाच दिशेला जायला हवीत.

सदाशिव_आडवा

बोटांसाठी शरीराची मध्यरेषा धरतच नाहीत. हातात मधल्या बोटाचा अक्ष धरतात आणि पायात दुसऱ्या बोटाचा. त्या अक्षापासून लांब जाणं म्हणजे अ‍ॅबडक्शन. हातात तिसरं आणि पायात दुसरं, हा फरक तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.

आता अंगठा. स्वतःच्या हाताची नखं बघा. अ‍ॅनाटॉमिकल पोझिशनमध्ये चार बोटांची नखं मागे बघतात, अंगठ्याचं नख बाहेर. म्हणजे अंगठा बाकीच्यांच्या तुलनेत जवळपास ९० अंशांत फिरलेला आहे, आणि त्याच्या हालचालींची प्रतलंही तेवढीच फिरतात. अंगठा तळहाताच्या पातळीतच करंगळीकडे सरकतो ते फ्लेक्शन, उलट बाहेर जातो ते एक्स्टेन्शन. दोन्ही कोरोनल प्रतलात. तळहातापासून सरळ पुढे उचलला जातो ते अ‍ॅबडक्शन, सॅजिटल प्रतलात.

हे नुसतं पाठांतर नाही. तपासणी अशी होते: रुग्णाचा हात टेबलावर उताणा ठेवायचा, अंगठा छताकडे उभा करायला सांगायचा आणि वरून बोटाने विरोध करायचा. ही ताकद अ‍ॅबडक्टर पॉलिसिस ब्रेव्हिस या अंगठ्याच्या स्नायूची, म्हणजे मीडियन नर्व्हची. कार्पल टनेलमध्ये (मनगटात ही नर्व्ह दबते त्या आजारात) कमी होते ती हीच. अंगठा टेबलाच्या पातळीतच बाजूला नेला तर ते एक्स्टेन्शन झालं आणि काम मुख्यतः रेडियल नर्व्हच्या स्नायूंनी केलं. सूचना नीट दिली नाही तर रुग्ण नेमकं हेच करतो, आणि मीडियन नर्व्ह दुबळी असूनही 'ताकद चांगली' अशी नोंद होते.

फिजिओवाल्यांसाठी आणखी एक. व्हेरस आणि व्हॅल्गस ठरवताना सांध्याच्या खालचा भाग बघायचा. खालचा, म्हणजे डिस्टल भाग मध्यरेषेकडे वळला तर व्हेरस, बाहेर गेला तर व्हॅल्गस. गुडघे एकमेकांना घासत असतील आणि घोटे लांब राहत असतील तर ते व्हॅल्गस. सगळे जण गुडघ्याकडे बघून उत्तर देतात आणि उलटं देतात. बघायचं असतं नडगीच्या हाडाकडे.

फिल्म_बघू_जरा

रेडिओलॉजीची बाजू मांडतो.

सीटी आणि एमआरआयचे अ‍ॅक्सियल छेद, म्हणजेच ट्रान्सव्हर्स, रुग्णाच्या पायांकडून डोक्याकडे बघतोय असे मांडलेले असतात. म्हणून रुग्णाचं उजवं अंग पडद्यावर डावीकडे. पोटाच्या छेदात यकृत डावीकडे आणि पाणथरी उजवीकडे दिसली की मांडणी नेहमीची आहे. पाठीचा कणा खाली. कोरोनलमध्ये रुग्ण आपल्यासमोर तोंड करून उभा आहे असं समजायचं, इथेही त्याचं उजवं आपल्या डावीकडे. सॅजिटलमध्ये चेहरा बहुतेक वेळा पडद्याच्या डावीकडे असतो.

पण 'यकृत कुठे आहे' यावरून बाजू ठरवायची सवय लावू नका. पडद्याच्या कडांना अक्षरं असतात: आर, एल, ए, पी, एच, एफ. उजवं, डावं, पुढचं, मागचं, डोक्याकडचं, पायाकडचं. ती आधी वाचायची. काही माणसांत अवयवच आरशातल्यासारखे उलट बाजूला असतात. अशा वेळी यकृतावर विसंबलेला माणूस चित्र उलटं लागलंय असं समजून ते फिरवून मोकळा होतो.

छातीच्या एक्स-रेतही तेच. हृदयाचं टोक उजवीकडे दिसलं तर आधी मार्कर (बाजू सांगणारं अक्षर) बघा. शिशाचा मार्कर एक्सपोजरच्या आधी कॅसेटवर किंवा डिटेक्टरवर ठेवायचा असतो, नंतर संगणकावर अक्षर टाकायचं नसतं. नंतर टाकलेलं अक्षर म्हणजे टाकणाऱ्याचा अंदाज.

अँटिरिअर-पोस्टिरिअरचा (पुढचं-मागचं) सगळ्यात रोजचा उपयोग सांगतो. पीए म्हणजे किरण पाठीतून शिरून छातीतून बाहेर पडतात, डिटेक्टर छातीला टेकलेला. अंतर साधारण १८० सेंमी. हृदय छातीच्या पुढच्या भागात असल्यामुळे ते डिटेक्टरच्या जवळ येतं आणि सावली खऱ्या आकाराच्या जवळपास पडते. आयसीयूत खाटेवर घेतलेला एक्स-रे एपी असतो: डिटेक्टर पाठीखाली, नळी समोर आणि बरीच जवळ. हृदय डिटेक्टरपासून लांब, म्हणून सावली मोठी. शिवाय खांद्याची पाती फुप्फुसांवर येतात. हृदयाची रुंदी छातीच्या आतल्या रुंदीच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त म्हणजे हृदय मोठं, हा नियम मोठ्या माणसाच्या पीए फिल्मसाठी आहे. एपीवर तो लावून 'हृदय वाढलंय' लिहिणं ही चूक इतकी नेहमीची आहे, की कागदावर एपी की पीए हे लिहिलेलं नसेल तर मोजमापच करू नये असं माझं मत.

फ्रॅक्चरचं वर्णनही याच भाषेत. तुटलेल्या हाडाचा डिस्टल तुकडा प्रॉक्सिमलच्या (धडाजवळच्या तुकड्याच्या) तुलनेत कुठे गेला ते लिहायचं. मनगटाजवळ रेडियस तुटून खालचा तुकडा डॉर्सल बाजूला (हाताच्या पाठीकडे) गेला तर कॉलिस, पामर बाजूला (तळहाताकडे) गेला तर स्मिथ. 'वर सरकलंय', 'खाली दबलंय' असं फोनवर सांगू नका. ऐकणाऱ्याला रुग्णाचा हात कसा ठेवलाय ते दिसत नसतं.

कट्ट्यावरचा_शंकेखोर

१) पावलाचा वरचा भाग 'डॉर्सम' कसा? डॉर्सल म्हणजे पाठीकडचा ना? २) आतड्याला प्रॉक्सिमल-डिस्टल म्हणतात, तिथे धड कुठलं आणि टोक कुठलं? ३) मेंदूत डॉर्सल म्हणजे मागचं की वरचं? तीन पुस्तकांत तीन चित्रं.

सदाशिव_आडवा

१) गर्भात हात-पाय फुटतात तेव्हा ते वल्ह्यांसारखे बाजूला आलेले असतात. नंतर हात बाहेरच्या दिशेने जवळपास ९० अंश फिरतात आणि पाय आतल्या दिशेने तेवढेच. म्हणून कोपर मागे आणि गुडघा पुढे. पायाची जी बाजू मुळात पाठीकडची होती, ती फिरून पुढे आली. मांडीचा पुढचा स्नायूगट गुडघा सरळ करतो, दंडाचा मागचा स्नायूगट कोपर सरळ करतो, आणि हे दोन्ही मुळात डॉर्सल बाजूचेच. पावलाचा वरचा भागही त्यातलाच. त्यामुळे पावलाला 'अँटिरिअर पृष्ठभाग' वगैरे लिहू नका. डॉर्सल आणि प्लँटर एवढेच शब्द वापरा. घोटा वर उचलणं डॉर्सिफ्लेक्शन, खाली दाबणं प्लँटरफ्लेक्शन. घोट्याला नुसतं फ्लेक्शन लिहिलंत तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

२) हातापायांत प्रॉक्सिमल म्हणजे धडाजवळचं. नळ्यांमध्ये जिथून सुरुवात होते तिथलं. आतड्यात तोंडाकडची बाजू प्रॉक्सिमल. नेफ्रॉनमध्ये (मूत्रपिंडातल्या गाळणीच्या एककात) बोमनच्या कॅप्सूलजवळची नलिका प्रॉक्सिमल. हृदयाच्या धमनीत अ‍ॅओर्टाजवळचा भाग प्रॉक्सिमल. पायाच्या शिरेत मात्र रक्त खालून वर जात असलं तरी प्रॉक्सिमल म्हणजे मांडीकडचंच. प्रवाहाची दिशा शिरांना लावायची नाही.

३) तिन्ही चित्रं बरोबर असू शकतात. मेरुरज्जू आणि ब्रेनस्टेममध्ये (मेंदूच्या देठात) डॉर्सल म्हणजे पोस्टिरिअर. त्याच्या वर मेंदूचा अक्ष जवळजवळ काटकोनात पुढे वाकतो. त्यामुळे मोठ्या मेंदूत डॉर्सल म्हणजे सुपिरिअर, व्हेंट्रल म्हणजे इन्फिरिअर आणि रोस्ट्रल म्हणजे कपाळाकडचं. चित्र कुठल्या भागाचं आहे ते आधी बघा.

दंतकथा

दातांत आमचा वेगळाच संसार आहे, तोही नोंदवतो. दंतपंक्तीच्या कमानीवरून मध्यरेषेकडे जाणारी बाजू मीझिअल, लांब जाणारी डिस्टल. म्हणजे इथलं डिस्टल हातापायांसारखं टोकाकडचं नव्हे, तर अक्कलदाढेकडचं. ओठाकडची बाजू लेबियल, गालाकडची बक्कल. आतली बाजू वरच्या दातांना पॅलेटल, खालच्यांना लिंग्वल. चावायचा पृष्ठभाग ऑक्लुझल.

दोन आकडी क्रमांकातही उजवं-डावं रुग्णाचंच. पहिला आकडा चतुर्थांशाचा: वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. दुसरा आकडा मध्यरेषेपासून मोजलेल्या दाताचा. ३६ म्हणजे खालची डावी पहिली मोठी दाढ. त्याला 'छत्तीस' म्हणू नये, 'तीन-सहा' म्हणावं. फोनवर छत्तीस आणि सेहेचाळीस यांत गफलत झाली की दाढ तीच, पण बाजू दुसरी.

कोथरूडची_नर्सताई

सुपरफिशियल (कातडीजवळचं) आणि डीप (खोलातलं) हे दोन शब्द फार घाईत शिकवले जातात. इंजेक्शनचं सगळं गणित त्यांच्यावर आहे म्हणून सविस्तर लिहिते.

बाहेरून आत: एपिडर्मिस, डर्मिस, त्वचेखालची चरबी, डीप फॅशिया (स्नायूंवरचं आवरण), स्नायू. सुई कुठल्या थरात थांबली त्यावर औषध किती वेगाने रक्तात जाईल हे ठरतं, कारण प्रत्येक ऊतीतला रक्तपुरवठा वेगळा. डर्मिसमध्ये द्यायचं तर सुई १० ते १५ अंशांत, जवळजवळ कातडीला टेकलेली, तिरप्या तोंडाची बाजू वर. बरोबर पडलं तर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे असलेला फुगवटा येतो. फुगवटा आला नाही म्हणजे औषध खाली चरबीत गेलं. बीसीजी अशीच, डाव्या दंडावर. चरबीत द्यायचं तर चिमटीत कातडी धरून ४५ अंश, सुई आखूड असेल तर ९०. स्नायूत ९० अंश, आणि तिथे कातडी चिमटीत न धरता ताणायची. चिमूट धरली की चरबीचा थर जाड होतो आणि सुई स्नायूपर्यंत पोचतच नाही.

जागा. दंडावर डेल्टॉइड: खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दोन-तीन बोटं खाली, दंडाच्या लॅटरल बाजूच्या मधोमध. याहून वर दिलं तर खांद्याच्या सांध्याजवळच्या पिशवीत जाऊन महिनोन् महिने खांदा दुखू शकतो. फार खाली आणि मागे गेलं तर रेडियल नर्व्ह. तान्ह्या बाळाला मांडीच्या मधल्या तिसऱ्या भागात, अँटिरोलॅटरल बाजूला. पेंटाव्हॅलंट तिथेच देतात. मीडिअल बाजूला का नाही? मोठी धमनी, शीर आणि नर्व्ह मांडीच्या आतल्या बाजूने जातात.

कुल्ह्यावर द्यायची वेळ आलीच तर वरच्या-बाहेरच्या चतुर्थांशात, म्हणजे सुपेरोलॅटरल. सायॅटिक नर्व्ह आतल्या आणि खालच्या भागातून जाते. पण रुग्ण अर्धवट वळलेला असतो, कपडे अर्धेच खाली असतात आणि 'वरचा-बाहेरचा' कोपरा नजरेनेच ठरवला जातो. संपूर्ण कुल्हा उघडा केल्याशिवाय चतुर्थांश पाडता येत नाहीत. लाजेपायी कपडा अर्धाच सरकवला की दिसतो त्या तुकड्याचा वरचा-बाहेरचा कोपरा धरला जातो, आणि तो खरा कोपरा नसतो.

रास्तापेठेतला

रचना शारीर (बीएएमएसची अ‍ॅनाटॉमी) विषयाच्या प्रात्यक्षिकात पोटाचे नऊ भाग पाडून दाखवायला सांगतात. आडव्या रेषा नक्की कुठून काढायच्या? ट्रान्सपायलोरिक की सबकॉस्टल?

सदाशिव_आडवा

दोन्ही पद्धती चालतात, पण काढण्याआधी कुठली ते बोलून दाखवा. उभ्या दोन रेषा गळ्याच्या हाडाच्या मध्यापासून खाली. वरची आडवी रेषा सबकॉस्टल घेतलीत तर ती दहाव्या बरगडीच्या कूर्चेच्या सगळ्यात खालच्या कडेतून, तिसऱ्या कटिमणक्याच्या पातळीवर. ट्रान्सपायलोरिक घेतलीत तर गळ्याखालची खाच आणि जघनसांध्याची वरची कड यांच्या बरोबर मध्यावर, पहिल्या कटिमणक्याच्या पातळीवर. टेपने मोजा, अंदाज नको. खालची आडवी रेषा दोन्ही पद्धतींत तीच: कमरेच्या हाडांच्या कडेवरचे दोन उंचवटे जोडणारी, पाचव्या कटिमणक्याच्या पातळीवर.

ट्रान्सपायलोरिकवर जरा थांबतो, कारण या एका आडव्या प्रतलात परीक्षकांचे निम्मे प्रश्न मावतात. नवव्या बरगडीच्या कूर्चेचं टोक, पित्ताशयाचा तळ, स्वादुपिंडाची मान, सुपिरिअर मेसेंटेरिक धमनीचा उगम, मूत्रपिंडांची तोंडं (डाव्याचं रेषेच्या किंचित वर, उजव्याचं किंचित खाली) आणि मोठ्या माणसात मेरुरज्जू जिथे संपतो साधारण ती जागा. ज्याच्यावरून नाव पडलं तो पायलोरस (जठराचं खालचं तोंड) मात्र उताण्या माणसातच इथे सापडतो. उभं राहिलं की खाली घसरतो.

मेरुरज्जू इथे संपतो म्हणून पाठीतून पाणी काढताना सुई बरीच खाली घालतात. दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांचे सर्वांत उंच बिंदू जोडले की रेषा चौथ्या कटिमणक्यावरून जाते. त्याच्या वरची किंवा खालची फट निवडतात. नवजात बाळात मेरुरज्जू तिसऱ्या कटिमणक्यापर्यंत उतरलेला असतो, तिथे वरची फट घेत नाहीत. सुई पूर्णपणे मिडसॅजिटल प्रतलात राहिली पाहिजे, टोक किंचित बेंबीकडे. वाटेत क्रमाने त्वचा, चरबी, दोन लिगामेंट (मणके जोडणारे पट्टे), मग लिगामेंटम फ्लेव्हम, एपिड्यूरल जागा, ड्यूरा आणि अ‍ॅरॅक्नॉइड ही मेरुरज्जूवरची आवरणं. सुई लॅटरल सरकली तर हाडावर अडते किंवा एका पायात कळ जाते, आणि कळ ज्या पायात गेली त्याच्या विरुद्ध बाजूला सुई वळवायची. रुग्ण कुशीवर झोपलेला असतो, त्याचा वरचा खांदा पुढे झुकला की कणा पिळला जातो आणि तुमचं मिडसॅजिटल प्रतल जमिनीला समांतर राहत नाही. सुई चुकण्याआधी बहुतेकदा पोझिशन चुकलेली असते.

डीएमएलटी_हडपसर

मॅडम, आतड्याच्या एकाच स्लाइडवर एका थरात स्नायूच्या पेशी लांब दोऱ्यांसारख्या आणि शेजारच्या थरात नुसते ठिपके. दोन्ही स्मूद मसल कसे? आणि श्वासनलिकेच्या स्लाइडवर एकच थर आहे म्हणतात, मला चार-पाच दिसतात.

स्लाइडबाई

दोन्ही प्रश्नांचं उत्तर प्रतलातच आहे. शाळेत नववीत अभिस्तर, संयोजी, स्नायू, चेता अशा चार ऊती पाठ केल्या, पण त्यांची चित्रं एकाच कोनातून काढलेली होती. स्लाइड म्हणजे ४-५ मायक्रॉन जाडीचा एक काप, आणि तो कुठल्या कोनातून गेला हे ऊती तुम्हाला सांगत नाही. तुम्ही ओळखायचं.

आतड्याच्या भिंतीत आतला स्नायूथर गोल फिरतो, बाहेरचा लांबीच्या दिशेने जातो. आतडं आडवं कापलं की आतला गोल थर लांबीत कापला जातो, म्हणून दोरे. बाहेरचा आडवा कापला जातो, म्हणून ठिपके. आतडं उभं कापलं तर बरोबर उलटं. मधल्या फटीत चेतापेशींचे पुंजके दिसले की दोन थरांची हद्द सापडली. ठिपक्यांच्या थरात काही पेशींत केंद्रक दिसेल, काहींत नाही. पेशी दोन्ही टोकांना निमुळती आणि केंद्रक मध्यभागी, त्यामुळे टोकाजवळून काप गेला तर केंद्रक सापडत नाही. केंद्रक दिसत नाही म्हणजे पेशी मेली, असं लिहून आणू नका.

स्नायू तीन प्रकारचे, ओळखायची जागा म्हणजे केंद्रक. स्केलेटल: आडव्या कापात बहुकोनी तंतू, केंद्रकं कडेला आणि अनेक. हृदयाचा: फांद्या फुटलेले तंतू, केंद्रक मध्ये, आडवे गडद पट्टे. स्मूद: निमुळत्या पेशी, केंद्रक मध्ये, पट्टे नाहीत. स्केलेटल स्नायूचे आडवे पट्टे फक्त लांबीच्या कापात दिसतात. आडव्या कापात ते शोधत बसू नये.

श्वासनलिकेत प्रत्येक पेशी तळाच्या पडद्याला टेकलेली असते, पण सगळ्या सारख्या उंच नसतात. केंद्रकं वेगवेगळ्या उंचीवर, म्हणून थर अनेक असल्याचा भास. वर सिलिया (केसांसारखे बारीक तंतू) असतील तर शंका मिटली. आणखी एक फसवा प्रकार आहे. साधा एकथरी उंच अभिस्तर तिरका कापला गेला तरी चार-पाच थर दिसतात. उपाय: त्या जागेवर अडून बसायचं नाही. स्लाइड सरकवत जायचं आणि अभिस्तर तळाच्या पडद्याला काटकोनात कापला गेलाय अशी जागा शोधायची. निर्णय तिथे. सगळ्यात वरच्या पेशी चपट्या असतील तर स्तरित पट्टकी (अनेक थरांचा, चपट्या पेशींचा) अभिस्तर. घुमटासारख्या फुगीर, कधी दोन केंद्रकांच्या असतील तर मूत्राशयाचा अभिस्तर. तो रिकाम्या मूत्राशयात पाच-सहा थरांचा आणि ताणल्यावर दोन-तीन थरांचा दिसतो, म्हणून थर मोजून त्याचं नाव ठरवू नये.

संयोजी ऊतीत टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) आणि नर्व्ह यांची सरमिसळ होते. टेंडनमध्ये गुलाबी तंतू सरळ समांतर आणि त्यांच्यामध्ये चपट्या केंद्रकांच्या रांगा. नर्व्ह लाटांसारखी, केंद्रकं जास्त, भोवती वेष्टन.

प्रथमवर्ष_फिजिओ

मॅडम, टेंडन आणि कूर्चा इतक्या हळू का भरतात? त्वचा तर आठवड्यात जुळते.

स्लाइडबाई

रक्तवाहिन्या. कूर्चेत त्या नसतातच. पोषण बाहेरून झिरपून येतं, सांध्यातल्या कूर्चेला सांध्यातल्या द्रवातून. टेंडनमध्ये रक्तवाहिन्या असतात पण फार कमी. गुडघ्यातल्या मेनिस्कस या गादीत बाहेरच्या कडेच्या साधारण एक तृतीयांश भागाला रक्तपुरवठा असतो, आतल्या भागाला नाही. म्हणून बाहेरची फाट शिवली तर जुळण्याची आशा, आतली फाट बऱ्याचदा छाटावी लागते. अभिस्तरातही रक्तवाहिन्या नाहीत, पण तळाच्या पडद्याखाली लगेच असतात आणि पेशी सतत विभागत असतात, त्यामुळे तो भराभर भरतो. चेता ऊतीत मेंदू-मेरुरज्जूतले तंतू जवळजवळ वाढत नाहीत. हातापायांतल्या नर्व्हचे तंतू दिवसाला सुमारे १ मिमी वाढतात. खांद्याजवळ कापलेल्या नर्व्हला बोटापर्यंत पोचायला किती महिने लागतील, गणित करून बघा.

कट्ट्यावरचा_शंकेखोर

तिरक्या कापामुळे फक्त विद्यार्थी चकतात की रिपोर्टही चुकू शकतो?

स्लाइडबाई

रिपोर्टही. त्वचेचा तुकडा मेणात (काप घेण्याआधी तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवतात) आडवा पडला तर काप पृष्ठभागाला समांतर जातो. अभिस्तर खोटा जाड दिसतो आणि त्याची खाली उतरलेली बोटं आडवी कापली जाऊन डर्मिसमध्ये सुटी बेटं असल्यासारखी दिसतात. कॅन्सर खाली घुसलाय असा भास नेमका असाच होतो. म्हणून मेणात बसवताना त्वचा कडेवर उभी ठेवायची, म्हणजे प्रत्येक कापात एपिडर्मिसपासून चरबीपर्यंत सगळे थर येतात. अपेंडिक्सचं टोक लांबीत दुभागतात आणि बाकीच्याचे आडवे काप घेतात.

आणि याची सुरुवात ऑपरेशन थिएटरमध्ये होते. स्तनाची गाठ काढली की ती शरीराबाहेर निव्वळ गोळा असतो. तिला सुपिरिअर-लॅटरल काही उरत नाही. म्हणून सर्जन दोरे बांधतात. बऱ्याच ठिकाणी चालणारा संकेत: आखूड दोरा सुपिरिअर, लांब दोरा लॅटरल. पण तो फॉर्मवर लिहिलेला असला पाहिजे, आणि बाजू उजवी की डावी तेही. लांब दोरा लॅटरल आहे पण स्तन कुठला ते लिहिलं नाही, तर मीडिअल कड कुठली ते कळतं, पण पुन्हा ऑपरेशन कुठे करायचं ते नाही. दोरे कापताना दोन्ही सारख्या लांबीचे झाले तर तेही निरुपयोगी. आखूड साधारण २ सेंमी आणि लांब ४-५ सेंमी ठेवला की घोळ होत नाही. लॅबमध्ये तुकडा कापायच्या आधी प्रत्येक कडेला वेगळ्या रंगाची शाई लावतात. शाई सुकल्याशिवाय कापलं तर ती आत ओघळते आणि 'कड मोकळी आहे की नाही' याचं उत्तर देता येत नाही.

कोथरूडची_नर्सताई

बरणीचंही लिहा. वॉर्डातून येणाऱ्या निम्म्या अडचणी तिथल्याच असतात.

स्लाइडबाई

लिहिते. लेबल बरणीच्या अंगावर, झाकणावर कधीच नाही. झाकणं काढून शेजारी ठेवली की अदलाबदल होते. लेबलवर नाव, नोंदणी क्रमांक, अवयव, बाजू, आणि एकापेक्षा जास्त तुकडे असतील तर प्रत्येकाची जागा: 'डावा दंड, लॅटरल, मधला तिसरा भाग' अशी, 'हातावरची गाठ' अशी नव्हे. बरणी रुंद तोंडाची. तुकडा आत जाताना मऊ असतो, फॉर्मालिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) कडक होतो आणि अरुंद तोंडातून बाहेर येत नाही. मग तो ओढून काढताना फाटतो आणि दिशा गेल्याच.

द्रावण तुकड्याच्या किमान दहापट. बाजारातल्या फॉर्मालिनमध्ये ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइड असतं. आपल्याला १० टक्के फॉर्मालिन हवं, म्हणजे १०० मिली फॉर्मालिन आणि ९०० मिली पाणी, त्यात सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. हे दोन क्षार टाकले नाहीत तर द्रावण आम्लधर्मी होत जातं आणि स्लाइडवर काळपट तपकिरी कण बसतात. मोठा अवयव असेल तर तो आत शिरायला वेळ लागतो, बाहेरून पक्का आणि आतून सडलेला तुकडा येतो. पण म्हणून वॉर्डात कुणी तो उभा चिरू नये. चीर कुठल्या प्रतलात घालायची ते लॅबला ठरवू द्या, तुम्ही द्रावण भरपूर घाला आणि बरणी लगेच पाठवा. पाण्यात किंवा सलाइनमध्ये रात्रभर ठेवलेला तुकडा सकाळी फॉर्मालिनमध्ये टाकून उपयोग नाही. तोवर पेशी खराब झालेल्या असतात.

डीएमएलटी_हडपसर

आणि बरणीतच तुकड्याचा दोरा सुटलेला असेल तर?

स्लाइडबाई

हात लावायचा नाही, अंदाजाने परत बांधायचा तर अजिबात नाही. दोरा सुटलाय हे रजिस्टरमध्ये वेळ टाकून लिहायचं, तुकडा आहे त्या स्थितीत फोटो काढायचा आणि थिएटरला फोन करून सर्जनना लॅबमध्ये बोलवायचं. दिशा त्यांनीच दाखवायची, आणि त्यांनी दाखवल्यावर पहिली शाई लावायची.